जाळीची आतली बाजू

एर्सिलियाने दुकानाच्या काचेवरचे पोस्टर वरच्या कोपऱ्यात धरले आणि एका हिसक्यात फाडले. अर्धे हातात आले, अर्धे काचेलाच चिकटून राहिले. तेव्हा ती आत गेली, गल्ल्याखालच्या खणातून चुरूट कापायचा चाकू घेऊन आली आणि राहिलेला कागद खरवडू लागली. वाकड्या पात्याचा, टोक तुटलेला जुना चाकू. पोज्जोलूपो गावातले म्हातारे अजूनही अख्खा चुरूट घेत नाहीत, मधोमध कापून अर्धाच मागतात. त्यामुळे तंबाखूच्या या दुकानात तो चाकू सासूच्या काळापासून त्याच खणात होता.

चौकातल्या बाकावरून दोघातिघांनी हे पाहिले आणि ते जागेवरच बसून राहिले. ऐंशी ओलांडलेली एर्सिलिया हातात चाकू घेऊन काही करत असेल तर मध्ये पडायचे नसते, एवढे शहाणपण गावात होते. नव्हते ते फक्त नगराध्यक्षाला.

"मावशी, अहो काय चाललंय हे?" लेआन्द्रो कॉफी तशीच टाकून बारमधून धावत आला. "गावातलं पहिलं पोस्टर तुमच्या काचेवर लावलं मी. मान म्हणून!"

"मान?" एर्सिलियाने हातातला तुकडा त्याच्या नाकासमोर धरला. त्यावर सोनेरी जाळी होती आणि जाळीआड काळ्या लेसमधली एक तरुण बाई. डोळे अर्धे मिटलेले, ओठ लालभडक. "ही कोण रे?"

"मॉडेल आहे. मिलानची."

"हिचा नवरा कधी वारला?"

"मावशी, ते प्रतीक असतं."

"नवरा मेल्यावर मला आरशात तोंड बघायची चोरी होती. आणि ही बया लाली फासून बसलीये!" तिने खालची ओळ वाचायला चष्मा सरळ केला. मोठ्याने वाचली, चौकाला ऐकू जाईल अशी. "'आपल्या थिएटरातला विधवांचा बॉक्स. जाळीआडची जादू. दोघांसाठी खास, थंडगार प्रोसेक्को वाइनसह.' दोघांसाठी!"

"पुढल्या वसंतापर्यंत तो बॉक्स भरलाय, मावशी. लांबलांबून जोडपी येणारेत. नवीन लग्न झालेली."

"विधवांच्या बॉक्समध्ये मधुचंद्र. बरं सुचलं. आता कबरस्तानात साखरपुडे ठेव."

बाकावर कोणीतरी खोकल्यासारखे हसले. लेआन्द्रोही हसला, कारण तो मुळात वाईट माणूस नव्हता. पंचवीस वर्षे कुलूप पडलेले थिएटर त्याने उघडायला आणले होते, त्यासाठी किती दारांत टोपी काढून उभा राहिला होता ते गावाला ठाऊक होते. पण माणूस एकदा जाहिरातीच्या नादाला लागला की त्याला आपल्याच गावातली माणसे देखाव्यासारखी दिसू लागतात.

"रविवारी पडदा उघडण्याआधी दोन शब्द तुम्ही बोलायचे," तो म्हणाला. "त्या बॉक्समध्ये बसलेल्या तुम्ही एकट्याच उरलात."

"मी बसले नव्हते, लेआन्द्रो. मला बसवलं होतं."

"अहो, तेच सांगा! लोकांना फार आवडेल."

 एर्सिलियाने चाकू मिटून एप्रनच्या खिशात टाकला.

"बोलते. पण आधी ती जाळी उतरव. रविवारच्या आत."

"ती कशी उतरेल? सरकारच्या वारसा-यादीत आहे ती. एक खिळा ठोकायचा तरी वरची परवानगी लागते."

"ठोकली तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती?" असे म्हणून ती उत्तराची वाट न बघता चढाला लागली.

थिएटर चौकाच्या वरच्या अंगाला, चर्चच्या पाठीला पाठ लावून उभे होते. तेआत्रो देई कापार्बी, म्हणजे हट्ट्यांचे थिएटर. हे नाव कुणी चिडवायला ठेवलेले नव्हते, हट्ट्यांनी ते मोठ्या अभिमानाने स्वतःच घेतले होते. पणजोबांच्याही आधीच्या काळी दरीतल्या मोठ्या गावात पोज्जोलूपोच्या जमीनदारांना बॉक्स, म्हणजे घरापुरती वेगळी बैठक, मिळेना, उभ्याने ऑपेरा बघावा लागे. अपमान झाला. मग त्यांनी आपल्या डोंगरावर, जिथे धड पाणी चढत नव्हते, तिथे स्वतःचे थिएटर बांधले. आतून सगळे लाकडाचे: घोड्याच्या नालेसारखे वळलेले तीन मजले बॉक्स, आणि वर बोरू विणून त्याला चुना लिंपलेले छत, एखादी मोठी टोपली उपडी घालावी तसे. भांडणे नकोत म्हणून बॉक्स चिठ्ठ्या टाकून वाटले. प्रत्येक घराची आपली किल्ली, आपल्या खुर्च्या, आपली केरसुणी.

मग घराघरांत माणसे मरू लागली आणि अडचण आली. दुखवट्यातली बाई करमणुकीला बसलेली दिसता कामा नये. पण हट्टी माणूस जेवढा अब्रूला जपतो तेवढाच पैशालाही. वर्षाची वर्गणी भरलेली, ती बाईपुरती वाया घालवायची? छे! त्यांनी रंगमंचाला लागून असलेल्या एका बॉक्सला लाकडी पट्ट्यांची जाळी ठोकली. ज्या घरात दुखवटा, त्या घराकडे त्याची किल्ली आणि झाडलोट. विधवेने मागच्या गल्लीतून यायचे, जाळीआड बसायचे आणि दिवे लागायच्या आत त्याच गल्लीतून घरी जायचे. विधुरासाठी असले काही नव्हते. तो दंडाला काळी फीत बांधून खाली पहिल्या रांगेत बसे आणि हवे तेव्हा टाळ्या वाजवी.

आत व्हार्निशचा वास कोंदला होता. ओत्ताविया नावाची दुरुस्तीवाली, निळ्या डगल्यातली उंच मुलगी, खालच्या खुर्च्यांमध्ये बसून ब्रश पुसत होती. गेले वर्षभर ती गावात राहत होती आणि एर्सिलियाच्या दुकानातून काडेपेट्या नेत होती. सिगारेट ओढत नव्हती. काड्यांनी नक्षीच्या खाचा साफ करते, असे तिने सांगितले होते.

"बोना सेरा, सिन्योरा. बघायला आलात?"

एर्सिलिया बघत होती. डाव्या हाताला, रंगमंचाच्या अगदी कडेला, जाळी झगझगत होती.

"ही सोन्याची कधी झाली?"

"पहिल्यापासून सोनेरीच होती. सिनेमा सुरू झाला तेव्हा कुणीतरी वर काळा रंग फासला. तो मी काढला."

"आणि आतल्या बाजूनं?"

"आतून सोनं कधी लावलंच नव्हतं. आतून आधी नुसतं लाकूड होतं, मग तोच काळा रंग."

"म्हणजे बघणाऱ्यांना सोनं आणि बसणाऱ्यांना काळं." एर्सिलियाने मान वर केली. छतावर उघड्या खांद्यांच्या नऊ बायका ढगांवर लोळत होत्या. एकीच्या अंगावर तर ओढणीएवढेही वस्त्र नव्हते. "ह्यांना कुणी जाळी लावली नाही ती. किल्ली दे इकडं, पोरी."

मागची गल्ली, अरुंद जिना, वाकून जायचे दार. आत दोन खुर्च्या होत्या, एक पुढे जाळीजवळ, एक कोपऱ्यात भिंतीला लागून. त्या तिथेच असणार हे तिला माहीत होते, तरी त्या दिसल्यावर तिने दाराची चौकट धरली. ओत्ताविया मागे उभी राहिली.

"बावीस वर्षांची होते," एर्सिलिया म्हणाली. "नवरा, दुइलिओ, वळणावर मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच आठवड्यात सासूनं माझे सगळे कपडे हंड्यात घालून काळे उकळले. लग्नातला पिवळा झगासुद्धा. सेत्तिमिया नाव तिचं. ताडमाड बाई. तिचा नवरा लढाईत गेलेला, तेव्हा तीही इथं बसलेली. माझ्या वेळेला रविवारी दुपारी इथं सिनेमा लागायचा. बाकी गावं जाळ्या-बिळ्या विसरली होती गं! हिनं खणातून किल्ली काढली. म्हणाली, 'आपल्या घरची सून काळ्या कपड्यांत चारचौघांत बसून हसणार नाही.'"

"मग आणलंच कशाला इथं? घरी ठेवायचं."

"छळायला! दुसरं काय?" एर्सिलिया पुढच्या खुर्चीवर बसली. "खाली लोक पोट धरून हसायचे आणि मी रुमाल तोंडात कोंबून बसायची. कारण जरा आवाज झाला की पहिल्या रांगेतले बाप्ये माना वळवून जाळीकडे बघायचे. विधवा हसते की काय! दोन वर्षं. आणि एवढ्यानं भागलं नाही. घरी जाताना दर रविवारी ही मला विचारायची, वाळक्या आवाजात, 'शेवटी तो परत आला का?' नाहीतर, 'त्या बाईनं मग काय केलं?' परीक्षा घ्यायची माझी. मी रमले होते का, ते काढून घ्यायला. मी काय दूधखुळी होते? मी म्हणायची, 'मला नाही दिसलं.' दर वेळी. मग ती गप्प चालायची. पुढं तीस वर्षं एका गल्ल्यामागं उभ्या राहिलो आम्ही, पण त्याच्यापलीकडे बोलणं गेलं नाही. ती मेली तेव्हा मी रडलेही नाही, खरं सांगते."

ती पुढे झुकली आणि जाळीला डोळा लावला. मग मागे झाली, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"इथं फट होती."

"दोन होत्या. भरून काढल्या मी."

"एक. इथं, माझ्या डोळ्याशी. उंदरानं कुरतडलेली."

"उंदीर नाही, सिन्योरा." ओत्ताविया गुडघ्यावर बसली आणि तिने जाळीवरून बोट फिरवले. "चाकूनं पट्टी कापलेली. आतून, थोडी थोडी करून, बाहेरून कळू नये अशी. ही वर होती ती जुनी. तिच्या कापांवरसुद्धा सिनेमाच्या वेळचा काळा रंग चढला होता, म्हणजे रंगाच्या आधीची. आणि ही खालची नंतरची. ती रंगावरून कापलीये, आत लाकूड पांढरं. पण चाकू एकच. छोटा, वाकड्या पात्याचा. फक्त खालच्या वेळेला त्याचं टोक तुटलेलं होतं. प्रत्येक काप शेवटाला बोथट झालाय."

एर्सिलियाचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"वरची कुणातरी चांगल्या उंच बाईसाठी असणार," ओत्ताविया आपल्याच नादात सांगत होती. "मी या खुर्चीत बसले की बरोबर माझ्या डोळ्याशी येते. खालची तुमच्यासारख्या बुटकीची."

"पहिले काही रविवार मला काहीच दिसत नव्हतं," एर्सिलिया हळूच म्हणाली. "मी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. नुसते आवाज यायचे. मग एकदा ती म्हणाली, 'तू इकडं पुढं बस. माझे पाय भिंतीकडं मोकळे होतात.' तेव्हा बघितलं तर फट होती."

ती उठली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. तिचे आखूड पाय, तरी गुडघे भिंतीला टेकले. समोर जाळीच्या पट्ट्या एकीवर एक आल्या होत्या. त्यातून रंगमंच दिसत नव्हता, खालची माणसे दिसली नसती, छतावरच्या बायकाही नाहीत. फक्त उजेड कमीजास्त झालेला कळत होता. दुकानातली शनिवारची संध्याकाळ तिला आठवली. सासू केरसुणी घेऊन निघायची, 'बॉक्स झाडून येते' म्हणायची, आणि तासभर यायची नाही. तासभर झाडण्यासारखे इथे काय होते?

"ती विचारत होती," एर्सिलिया म्हणाली.

"कोण?"

"तिला खरंच माहीत नव्हतं. इथून काय दिसणार! ती मला विचारत होती, आणि मी..." तिने वाक्य तिथेच टाकले.  ओत्तावियाला वाटले, रडतील आता. पण एर्सिलिया उठली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, आणि गावात जो कुणी तिला ओळखत होता त्याला कळले असते की हे रडणे नव्हे.

"काढ."

"काय?"

"भरलंयस ते. दोन्ही."

"सिन्योरा, ते नुकसान होतं. जाळीची मूळ नक्षी..."

"नुकसान?" लाकडाच्या त्या पोकळ घरात तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. "अगं, हे थिएटर पुरुषांनी बांधलं. नाल त्यांची, छत त्यांचं, ही जाळी त्यांची. त्या नागड्या बायकासुद्धा त्यांच्याच डोक्यातल्या! या अख्ख्या घरात बाईनं आपल्या हातानं, आपल्यासाठी केलेली एवढी दोनच भोकं होती. जाळी ठोकली ते नुकसान नाही. मला पुरलं इथं, ते नुकसान नाही. आणि एका बाईनं चोरून दोन बोटं उजेड केला, ते तेवढं तुम्हाला दुरुस्त करावंसं वाटलं! वर शिकून आलीस ना गं तू? बाई आहेस ना?"

 ओत्तावियाने हातातला ब्रश डगल्याच्या खिशात ठेवला. दारात लेआन्द्रो धापा टाकत उभा होता. त्याने शेवटचे सगळे ऐकले होते आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"मावशी! चाकूनं? चोरून? अहो, हे तर सोनं आहे! इथं पाटी लावू. 'विधवांचं गुपित'. चाकूची प्रतिकृती करून विकायला ठेवू..."

एर्सिलियाने खिशातून चाकू काढला, उघडला आणि जाळीच्या कठड्यावर ठेवला. पाते जाळीकडे, मूठ आपल्याकडे.

"लाव पाटी. हा अजून कापतो."

लेआन्द्रोने चाकूकडे बघितले, मग ओत्तावियाकडे. ओत्ताविया कठड्यावर वाकून चाकूचे तुटलेले टोक बघत होती. तिने हात लावला नाही.

"आमच्या कामात एक नियम असतो," ती लेआन्द्रोला म्हणाली, पण बघत होती एर्सिलियाकडे. "आपण जे घालतो ते कधीही परत काढता आलं पाहिजे. मागचा चुकला असेल तर पुढच्याला सुधारता यावं म्हणून. दोन्ही तुकडे नुसत्या खुंट्यांवर बसवलेत. काढायला फार वेळ लागायचा नाही."

"आणि वरच्या लोकांना काय सांगायचं?" लेआन्द्रो म्हणाला.

"सांगेन की माझी चूक झाली होती."

"मग जाळी? उतरवायची की नाही?" त्याने कपाळ पुसले. "मावशी, एकदा काय ते नक्की सांगा."

"राहू दे," एर्सिलिया म्हणाली. "दिसू दे सगळ्यांना काय ठोकलं होतं ते. पण ती मिलानची बया भिंतींवरून उतरव, आणि इथं कुणी बाटली आणली तर याद राख. रविवारचा बॉक्स माझा. माझा आणि या पोरीचा. भाषण मी करणार नाही."

"रविवारच्या जोडप्याला मी काय तोंड दाखवू?"

"त्यांना माझ्याकडं पाठव. अर्धा अर्धा चुरूट फुकट देते."

रविवारी दुपारी थिएटर गच्च भरले. लेआन्द्रो एवढा वेळ बोलला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी शीळ घातली, आणि पंचवीस वर्षांनी ती शीळ ऐकून अर्ध्या गावाचे डोळे भरून आले. मग पडदा उघडला. नाटक विनोदी होते, नवरा परदेशी निघून जातो आणि बायको त्याच्या नावाने घर चालवते, असे काहीतरी. जाळीआड ओत्ताविया पुढच्या खुर्चीत बसली, वरच्या फटीला डोळा लावून. तिने दोनदा उठून जागा देऊ केली. दोन्ही वेळा एर्सिलियाने मान हलवली. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत, भिंतीला गुडघे टेकवून, समोरच्या पट्ट्यांकडे बघत शेवटपर्यंत बसली. खाली हशा उसळला की ती कान पुढे करी, आणि हशा ओसरला की परत टेकून बसे.

दिवे लागले तरी ती घाईने उठली नाही. टाळ्या पूर्ण थांबू दिल्या. मग दोघी मागच्या गल्लीतून उतरू लागल्या. दगड गुळगुळीत झाले होते म्हणून ओत्तावियाने तिला हात दिला. वळणाशी आल्यावर एर्सिलिया थांबली. तिचा आवाज कोरडा निघाला, तिला स्वतःलाच तो ओळखीचा वाटला असावा, कारण प्रश्न अर्धा झाल्यावर तिने एकदा घसा साफ केला.

"शेवटी तो परत आला का?"

"आला ना," ओत्ताविया म्हणाली, आणि तिथेच थांबली. "नाही, असं नको. पहिल्यापासून सांगते."

"सगळं सांग. गाळू नकोस काही."

ओत्ताविया सांगू लागली. कोण कुठल्या दारातून आले, कुणी कुणाच्या मागे लपून ऐकले, बायकोने नवऱ्याचा कोट घालून सावकाराला कसे पिटाळले. दुकान आले तरी पहिला अंक संपला नव्हता, म्हणून दोघी पायरीवरच बसल्या. वरून थिएटरातली गर्दी उतरून चौकात पसरत होती. ओत्तावियाने कोटाच्या बाह्या हातांवरून खाली ओढून दाखवल्या, सावकाराचा आवाज काढला, आणि एर्सिलिया हसली. मोठ्याने. पाठ दाराला टेकवून, तोंड उघडे टाकून. चौकातल्या बाप्यांनी माना वळवल्या. तिच्या मांडीवर रुमाल होता, घडी घातलेला. तिने तो उचलला नाही.